शिक्का नसलेलं जुनं डॅनिश फर्निचर: आधी कारखाना शोधा, डिझायनर नंतर

तुमचा प्रश्न असा की लंडनजवळ एका घर रिकामं करून देणाऱ्या माणसाकडून तुम्ही सहा डायनिंग खुर्च्या आणि एक लांब साइडबोर्ड घेतला, सगळं सागवानी दिसतंय, विकणारा म्हणाला "डॅनिश आहे, बहुतेक वेग्नर", पण कुठे शिक्का नाही, लेबल नाही, मग हे कोणी बनवलं ते कळायचं कसं. मी डेन्मार्कमधे जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमधे बरीच वर्षं काम करतेय आणि हा प्रश्न घेऊन लोक सतत येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचे फोटो नीट बघितलेत, त्यावर शेवटी येते.

पहिली गोष्ट, वेग्नर, म्हणजे प्रसिद्ध डॅनिश डिझायनर हान्स वेग्नर, हे नाव सध्या डोक्यातून काढून टाका. वेग्नर वाईट म्हणून नाही, तर सुरुवात डिझायनरपासून केली की माणूस फसतोच. आपण काय करतो, इंटरनेटवर खुर्चीच्या आकाराशी जुळणारे फोटो शोधतो, एखादा थोडाफार जुळतो, आणि मग तेच खरं वाटायला लागतं. पण आकार ही सगळ्यात सहज उचलता येणारी गोष्ट आहे. कोपनहेगनच्या सुतार संघाचं प्रदर्शन १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी भरायचं, तिथे फिन यूल (हाही डॅनिश डिझायनर) किंवा वेग्नरची नवी खुर्ची आली की थोड्याच दिवसात तसल्याच हातांच्या आणि तसल्याच पाठीच्या खुर्च्या इतर कारखान्यांतून निघायला लागायच्या. आकार उचलला तरी बनवायची पद्धत मात्र ज्याची त्याची राहते. कारखान्याकडे जी मशिनं असतात, जे कारागीर असतात, स्क्रूचा जो पुरवठादार ठरलेला असतो, ड्रॉवरचा सांधा करायची जी सवय पडलेली असते, ती एका डिझाइनसाठी कोणी बदलत नाही. म्हणून आधी कारखाना शोधायचा. कारखाना सापडला की त्याच्यासाठी कोणकोण डिझाइन करायचं ती यादी छोटी असते आणि डिझायनर बऱ्याचदा आपोआप सापडतो.

वेग्नरचंच उदाहरण घ्या. १९५१ मधे पाच कारखाने एकत्र येऊन सालेस्को नावाची विक्री संस्था झाली आणि कामं वाटली गेली: कार्ल हान्सन खुर्च्या, आंद्रेआस टुक टेबलं, र्यू मोब्लर कपाटं आणि साइडबोर्ड, गेटामा दिवाण आणि सोफे, एपी स्टोलेन गादीच्या मोठ्या खुर्च्या. शिवाय योहानेस हान्सन, फ्रिट्झ हान्सन, एफडीबी (डॅनिश सहकारी दुकानांचा संघ) वगैरे उत्पादक वेगळे. त्यामुळे "हा साइडबोर्ड वेग्नरचा आहे" असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, मग हा र्यूचा आहे का? र्यूचे खण, र्यूचे पाय, र्यूचं आतलं लाकूड जुळतंय का? नसेल जुळत तर दुसरा कोणता कारखाना ते तरी सांगा. बहुतेक वेळा दावा तिथेच संपतो.

आणि कारखाना म्हणजे तरी एकच असेल असं नाही हं. एपी स्टोलेनची ती प्रसिद्ध पापा बेअर खुर्ची, तिची लाकडी फ्रेम पीपी मोब्लर हे दुसरं वर्कशॉप बनवून द्यायचं. एफडीबीची जे३९ ही डिझायनर मोगेन्सेनची १९४७ ची साधी खुर्ची पुढे फ्रेडेरिसिया कंपनी बनवायला लागली. वेग्नरची योहानेस हान्सनकडे बनणारी खुर्ची आज पीपी मोब्लर बनवतात. म्हणजे एकाच डिझाइनच्या दोन खऱ्या खुर्च्या दोन वेगळ्या वर्कशॉपमधल्या असू शकतात आणि दोघींच्या किमतीत बराच फरक असतो.

आता शिक्का का नसतो ते. लोकांना वाटतं शिक्का नाही म्हणजे नकली. अजिबात नाही. कागदी लेबलं सुकून गळून पडतात, किंवा कोणीतरी पॉलिश करताना पॉलिश पेपर मारून शिक्काच घासून टाकतं, किंवा गादी बदलताना खालचा कपडा फेकला जातो आणि लेबल त्याच्यावरच असतं. सहा खुर्च्यांच्या सेटमधे दोघींवरच शिक्का असणं तर फार कॉमन. आणखी एक कारण आहे जे लोकांच्या लक्षात येत नाही: "मेड इन डेन्मार्क" हा शिक्का मुख्यतः एक्स्पोर्टसाठी लागायचा, अमेरिकेत माल जायचा तर मूळ देश लिहिणं बंधनकारक होतं, पण ओडेन्सच्या दुकानातून ओडेन्सच्याच घरात जाणाऱ्या टेबलाला त्याची गरज नव्हती. त्यामुळे इथे डेन्मार्कमधे घराघरात जे सापडतं त्यात बिनशिक्क्याचं भरपूर असतं आणि त्यातलं काही फार सुंदर असतं.

उलट बाजूही सांगते. शिक्का आहे म्हणजे नाव कळलं असंही नाही. डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोलचा तो गोल बिल्ला खूप जण कारखान्याचं नाव समजतात. तो क्वालिटी तपासणीचा शिक्का आहे, खूप कारखाने त्याचे सभासद होते, त्यावरून एवढंच कळतं की माल डॅनिश आहे आणि बरा आहे. तसंच इलुम्स बोलिगहुस किंवा डेन पर्मानेंटे यांचं लेबल म्हणजे दुकान, आणि अमेरिकेतून आलेल्या पीसवर जॉन स्टुअर्ट असं असेल तर तोही विक्रेता, माल बहुतेक फ्रान्स अँड सन या डॅनिश कारखान्याचा. कुलुपावर किंवा बिजागरीवर कोरलेलं नाव म्हणजे कुलूप बनवणारा. खडूने किंवा पेन्सिलने लिहिलेले आकडे, खुर्चीच्या फ्रेमवर आणि सीटच्या लाकडावर ठोकलेला तोच नंबर, हे जुळणीचे नंबर असतात, कुठली सीट कुठल्या फ्रेममधे बसवायची ते कळावं म्हणून. त्याला मॉडेल नंबर समजून शोधत बसू नका. खरा शिक्का कसा असतो ते बघायचं तर टुकचा बघा, लाकडात जाळून उमटवलेला असतो आणि त्यात सरळ लिहिलेलं असतं, फाब्रिकात आंद्रेआस टुक, आर्किटेक्ट हान्स वेग्नर, डेन्मार्क. नील्स वोडर या सुताराच्या शिक्क्यातही स्वतःचं नाव आणि सोबत फिन यूलचं नाव असतं.

शिक्का शोधायचा तर असा शोधा. खोलीत अंधार करा, खुर्ची उलटी करा आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, आडव्या उजेडात घासून गेलेल्या जाळीव शिक्क्याच्या कडा सावली टाकतात. मग यूव्ही टॉर्च घ्या, स्वस्त मिळतो, लेबल गळून गेलं असेल तरी जुन्या गोंदाचा चौकोन किंवा गोल बऱ्याचदा त्यात चमकतो. नुसता आकार सापडला तरी फायदा असतो कारण कोणाचं लेबल गोल, कोणाचं लांबट, कोणाचं किती मोठं हे जुळवता येतं. सीटच्या आतल्या पट्ट्या, मागच्या पट्टीची आतली बाजू, टेबलाच्या वाढवायच्या फळीखाली, ड्रॉवरच्या मागच्या भिंतीवर, साइडबोर्डच्या पाठीवर वरच्या कोपऱ्यात, हे सगळं बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून आतल्या खोक्यात डोकं घालून बघायला लोक कंटाळतात.

लाकडाबद्दल. इथे आपल्या लोकांना एक फायदा आहे, चंद्रपूर-आलापल्लीकडचं सागवान ज्याने हाताळलंय त्याला सागाचा वास आणि तेलकटपणा शिकवावा लागत नाही. डॅनिश कारखान्यांत पन्नास-साठच्या दशकात येणारा साग मुख्यतः थायलंड आणि ब्रह्मदेशातला. न दिसणाऱ्या जागी, पायाच्या खाली किंवा पट्टीच्या आत, ब्लेडने हलकंसं खरवडा आणि वास घ्या. ब्रिटनमधे सागाच्या जोडीला अफ्रॉर्मोसिया नावाचं आफ्रिकन लाकूड खूप वापरलं गेलं, रंगाने फसवतं पण वास तो नाही. त्याहून जास्त माहिती लपलेल्या लाकडातून मिळते. दर्शनी भाग सगळ्यांचाच सागाचा, पण ड्रॉवरच्या बाजू, आतल्या पट्ट्या, कोपऱ्यातले ठोकळे यांना जे सहज मिळेल ते लाकूड लावलं जायचं. डॅनिश मालात बीच, ओक, कधी महोगनी. स्वीडन-फिनलंडकडे बर्च आणि पाइन जास्त. साइडबोर्डच्या फळीत आत ब्लॉकबोर्ड आहे की चिपबोर्ड ते बिजागरीच्या भोकातून दिसतं, आणि चिपबोर्ड दिसलं म्हणून घाबरू नका, साठच्या दशकात चांगले डॅनिश कारखानेही व्हिनियरखाली चिपबोर्ड वापरायला लागले होते.

स्क्रू बघा. सरळ खाचेचे की अधिकच्या खुणेचे, आणि त्यातही डोक्यावर मोठ्या अधिकच्या चार रेघांमधे बारीक रेघा असतील तर ते पोझिड्राइव्ह, ते साठच्या दशकात बाजारात आले, म्हणजे पीस त्याच्या आधीचा नाही. पण मूळचेच आहेत ना ते तपासा, स्क्रूच्या भोवती लाकडावर जुना काळपट डाग असतो, नवा स्क्रू त्या डागात नीट बसत नाही.

आता तुमच्या खुर्च्या. फोटो तीनमधे सीटच्या तुटलेल्या कागदी दोरीच्या (कागद पिळून केलेली दोरी) खाली फ्रेमच्या आतल्या बाजूला एल आकाराच्या खिळ्यांची रांग दिसतेय. चांगली खूण आहे. ही खुर्ची दोरीच्या विणकामासाठीच बनवलेली आहे, नंतर कोणी हौसेने दोरी मारलेली नाही. मोलर या डॅनिश कारखान्याच्या खुर्च्यांत हे खिळे असतात, पण इतर बऱ्याच डॅनिश कारखान्यांतही असतात, कार्ल हान्सन बनवतात त्या वेग्नरच्या वाय खुर्चीत मात्र दोरी चारही पट्ट्यांवरून गुंडाळून विणतात, साधारण १२० मीटर दोरी लागते आणि खिळ्यांची रांग नसते. म्हणजे विणकामावरून तुमचा संशय मोलरवर जाणं साहजिक आहे, पाठही तशी वळणदार आहे.

पण फोटो पाचमधे पाठीची पट्टी जिथे मागच्या पायाला मिळते तिथे झूम करून बघा. एक छोटं गोल लाकडी बूच आहे, त्याचे रेषे आजूबाजूच्या लाकडाला आडवे जातायत. त्या बुचाखाली स्क्रू आहे. मोलरच्या ७१, ७५, ७८ वगैरे मॉडेलमधे माझ्या हाताखालून गेलेल्या खुर्च्यांत त्या सांध्यात बूच नसतं, दोन लाकडं आतून जोडून वरून इतकी घासलेली असतात की बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते रेषांची दिशा बदलते तिथेच कळतं. स्क्रू आणि बूच म्हणजे काम लवकर उरकायची पद्धत, आणि पाठ वेगळी पॅक करून पाठवता येते. त्यामुळे माझ्या मते या मोलरच्या नाहीत. तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर सोपं आहे, ती कंपनी १९४४ पासून आजही चालू आहे आणि यातली जुनी मॉडेलं अजून बनवतेय, मापं जाहीर असतात, सीटची उंची, रुंदी, पाठीची उंची मोजून लावून बघा. दोरी जाड-बारीक झाली किंवा पाय कापले गेले तर उंची थोडी बदलते, पण रुंदी आणि पायांमधलं अंतर बदलत नाही.

साइडबोर्डबद्दल मी जास्त ठामपणे बोलू शकते. तुम्ही लांबी १८३ सेंटिमीटर लिहिलीत, म्हणजे बरोब्बर ६ फूट. खोली ४५.७, म्हणजे १८ इंच. एका मापावरून कधी ठरवू नये, पण दोन्ही मापं फूट-इंचात नेमकी बसतात तेव्हा कारखाना इंचात विचार करणारा होता असं धरायला हरकत नाही. ड्रॉवरचा तळ पातळ हार्डबोर्डचा आहे. पाठही हार्डबोर्डची. चांगल्या डॅनिश साइडबोर्डला पाठीलाही बऱ्याचदा व्हिनियर लावलेलं असतं, कारण तो खोलीच्या मधे ठेवता यावा अशी कल्पना असायची. हँडल वेगळी बनवून चिकटवलेली आहेत. सिबास्ट या डॅनिश कारखान्यासाठी आर्ने वोडर या डिझायनरने केलेल्या साइडबोर्डमधे हँडल खणाच्या दर्शनी लाकडातूनच कोरून काढलेली असतात, वरच्या आणि खालच्या खणाची वळणं एकमेकांना मिळून एक आकार तयार होतो, एकदा हात लावला की विसरत नाही. तुमचा पीस ब्रिटिश आहे. ब्रिटिश कारखान्यांनी त्या काळात डॅनिश वळणाचा माल भरपूर काढला, जी प्लॅन, मॅकिंटॉश, नेथन, यंगर अशी नावं आहेत, आणि गंमत म्हणजे जी प्लॅनने १९६२ मधे खुद्द इब कोफोड-लार्सन या डॅनिश डिझायनरकडून एक मालिका करून घेतली, म्हणजे डिझायनर डॅनिश आणि कारखाना इंग्लंडमधल्या हाय विकम्बचा. त्या मालिकेवर सहसा त्याच्या नावाचा शिक्का असतो. तुमचा त्यातला वाटत नाही, पण ड्रॉवरच्या आत एकदा बघून घ्या. ब्रिटिश निघाला म्हणून हिरमुसू नका, सागाची कड अखंड आहे आणि खण अजून एका बोटाने सरकतायत असं तुम्हीच लिहिलंय, हे फर्निचर अजून दोन पिढ्या टिकेल.

शोधायला कुठे जायचं. डिझाइनम्युझियम डेन्मार्कचा फर्निचर इंडेक्स ऑनलाइन आहे, त्यात डिझायनर आणि उत्पादक दोन्ही नावांनी शोधता येतं. कोपनहेगनची ब्रून रासमुसेन आणि स्टॉकहोमची बुकोव्स्किस या लिलाव घरांच्या जुन्या नोंदी बघा, पण तिथेही एक पथ्य पाळा: ज्या नोंदीत शिक्क्याचा फोटो आहे तीच पुरावा म्हणून धरायची. बिनशिक्क्याच्या पीसला एकाने नाव लावलं की दुसरा विक्रेता तेच उचलतो, मग तिसरा, आणि चार वर्षांनी वीस ठिकाणी तेच नाव दिसतं, मुळात मात्र एकाचाच अंदाज असतो. स्वतः लिलाव घरंसुद्धा नाव माहीत नसेल तेव्हा सरळ "डान्स्क मोबेलप्रोड्युसेंट" किंवा "डान्स्क स्नेडकरमेस्टर" लिहितात, म्हणजे कोणीतरी डॅनिश उत्पादक, कोणीतरी डॅनिश सुतार. जुने कारखान्यांचे कॅटलॉग आणि त्या काळचं मोबिलिया मासिक मिळालं तर सोनं, जाहिरातींत मॉडेल नंबरसकट फोटो असतात.

अंदाज जिथे उपयोगाला येत नाही असे काही प्रकारही आहेत, तिथे एक तपशीलच निकाल देतो. भिंतीवरचे शेल्फ असतील तर लाकूड बघूच नका, हुक बघा. पोल काडोव्हियसची रॉयल सिस्टिम १९४८ ची, तिच्या मागोमाग बऱ्याच जणांनी तशाच काढल्या आणि प्रत्येकाचा शेल्फ पट्टीत अडकवायचा तुकडा वेगळा आहे. फिनिश डिझायनर आल्वार आल्टोचं तीन पायांचं स्टूल, स्टूल ६०, असेल तर पायाचं वळण बाजूने बघा: बर्चच्या सरळ काठीच्या वरच्या टोकाला उभ्या समांतर खाचा करून त्यात पातळ व्हिनियर सरस लावून भरतात आणि मग वाकवतात, त्यामुळे वळणाच्या भागातच बारीक रेषा दिसतात आणि खाली पाय अखंड लाकडाचा असतो. रेषा वरपासून जमिनीपर्यंत गेल्या असतील तर तो प्लायचा पाय आहे, स्टूल आल्टोचं नाही.

किमतीचं बोलायचं तर तुम्ही पुढे कधी या खुर्च्या विकल्यात तर कृपया "वेग्नर" किंवा "मोलर" लिहू नका, "मोलर स्टाइल" सुद्धा नको, कारण शोधणाऱ्याला तेच नाव सापडावं म्हणून ते लिहिलेलं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. "डॅनिश, साग, कागदी दोरी, साठचं दशक, उत्पादक अज्ञात" एवढं लिहा आणि खालच्या बाजूचे भरपूर फोटो टाका. जाणकार खरेदीदार तेवढ्यावर येतो. मला या बिननावाच्या खुर्च्यांबद्दल खरंच जिव्हाळा आहे, डेन्मार्कच्या युटलंड भागातल्या छोट्या गावांत कितीतरी वर्कशॉप होती, बंद झाली, कागदपत्रं गेली, आणि त्यांचं काम मात्र अजून रोज जेवायला बसायच्या कामाला येतंय. त्यांच्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवलं की उद्या खरं नाव सापडायची शक्यताही आपण घालवतो.

तुम्ही पुढच्या वर्षी पुण्याला परत जाताना हे सगळं नेणार म्हणालात. साग असेल तर साइट्सची (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) अडचण नाही. पण सोबत एखादी रोझवूडची वस्तू असेल तर आधी तपासून घ्या, ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आपलं शिसवही दुसऱ्या परिशिष्टात येतं. कागद नसतील तर कस्टममधे अडकेल.

आणि आता लगेच करायचं काम. दोरी बदलायला देण्याआधी सहाच्या सहा खुर्च्यांची जुनी दोरी स्वतः समोर उभं राहून काढून घ्या, कारण फ्रेमच्या आतल्या पट्ट्यांवर विणकामाखाली शिक्का झाकला गेलेला असू शकतो आणि नवीन विणकाम झालं की पुढची वीस-तीस वर्षं तो कोणाला दिसणार नाही. प्रत्येक खुर्चीच्या चारही आतल्या पट्ट्यांचे आडव्या उजेडात फोटो काढा. विणणाऱ्याला निक्षून सांगा की एल खिळे उपटायचे नाहीत, वाकलेले सरळ करायचे, तुटलेला असेल तेवढाच बदलायचा आणि आतून पॉलिश पेपर अजिबात मारायचा नाही. सीटच्या खालचे कोपऱ्यातले ठोकळे स्क्रूने बसवलेत की नुसत्या सरसाने, तेही एका फोटोत येऊ द्या. ते फोटो आणि पाठीच्या बुचाचा व्यास पाठवलात तर माझ्या डोक्यात जे दोन-तीन कारखाने आहेत त्यातला एखादा तरी बाद करता येईल.